‘स्टार्ट’चं झेक भाषांतर दर वेळी का चुकतं, आणि ते दुरुस्त कसं करायचं

जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे अकरा. किल्ली फिरवली की गाडीतून नुसती घरघर. शेजारच्या आजी कुत्र्याला फिरवायला निघाल्या होत्या. मी माझ्या तेव्हाच्या झेकमध्ये त्यांना सांगितलं, "आउतो नेझाचीना." आजी थांबल्या. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्सो नेझाचीना?" म्हणजे, काय सुरू होत नाहीये? एखादा सिनेमा किंवा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही, असं मी सांगतेय असं त्यांना वाटलं. मी पुन्हा किल्ली फिरवून तो आवाज ऐकवला, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "आहा, नेय्दे नास्तार्तोवात!" आणि त्यांनी वर हाक मारून मुलाला केबल घेऊन खाली बोलावलं.

माझा शब्द शब्दकोशातलाच होता. इंग्रजी ‘स्टार्ट’ टाकलं की सगळ्यात वर जो येतो, तो ‘झाचीत’. नवीन आलेली मराठी मंडळी मला भेटली की महिन्याभरात याच शब्दापाशी अडलेली दिसतात. कुणी चाकणहून म्लादा बोलेस्लावला कामासाठी आलेलं असतं, कुणी ब्रनोला शिकायला. चूक दर वेळी वेगळी दिसते, पण मूळ एकच आहे, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

लिखाणाबद्दल एक खुलासा. झेक शब्द देवनागरीत लिहिलेत. ‘चहा’तला च तसाच ठेवलाय आणि ‘चमचा’तला च ‘त्स’ असा दाखवलाय. झेकमध्ये या दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत. आपल्याकडे अक्षर एकच असलं तरी दोन्ही उच्चार लहानपणापासून जिभेवर आहेत, त्यामुळे इथे आपल्याला वेगळी मेहनत पडत नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ ‘आ’मधला फरक मात्र देवनागरीत नीट दाखवता येत नाही, तो ऐकूनच घ्यावा लागतो.

आधी बिघाड कुठला ते ओळखा

तुमचं वाक्य ऐकून झेक माणूस "काय?" असं विचारत असेल, तर बहुतेक शब्दच चुकलाय. तो हसून तेच वाक्य थोडं बदलून परत म्हणत असेल, तर शब्द बरोबर आहे आणि क्रियापदाचं रूप चुकलंय. या दोन बिघाडांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी मराठीकडे जायचं, दुसऱ्यासाठी झेक व्याकरणाकडे.

पहिल्याचं मूळ असं, की इंग्रजीने एकाच शब्दात पाच-पंचवीस वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात. मराठीने तसं केलेलं नाही. आपण गाडी सुरू करतो, यंत्र चालू करतो, नोकरीवर रुजू होतो, प्रवासाला निघतो, दुकान काढतो, अधिवेशनाला प्रारंभ करतो, कामाला लागतो आणि आवाज झाला की दचकतो. इंग्रजीत या आठही ठिकाणी ‘स्टार्ट’ चालतं. झेकमध्ये या आठांना साधारण आठ वेगळी क्रियापदं आहेत आणि त्यांच्या सीमा मराठीच्या सीमांशी बऱ्याच जुळतात. आपण घरून निघताना मराठीतून विचार करतो, वाटेत त्याचं इंग्रजी करतो आणि त्या इंग्रजीचं झेक करतो. हा मधला थांबाच आपल्याला नडतो. वाक्य इंग्रजीत वळलं की मराठीने आधीच करून ठेवलेला भेद पुसला जातो, आणि पुढे झेकसाठी तो शब्दकोशात शोधत बसावा लागतो.

शब्द चुकत असेल तर

गाडीपासूनच सुरुवात करते. इंजिन सुरू करणं म्हणजे ‘नास्तार्तोवात’. केबल लावून सुरू करायची वेळ आली तर त्या केबल ‘स्तार्तोवात्सी काबेली’. इंजिन चालू झाल्यावर गाडी जागची हलते, ते ‘रोझ्येत से’, आगगाडी फलाटावरून हलते तेही हेच. आपण गाडीने कुठेतरी जायला निघतो ते ‘वियेत’, पायी निघतो ते ‘वियीत’. कसं जाणार ते महत्त्वाचं नसेल आणि नुसतं ‘निघूया’ म्हणायचं असेल तर ‘विराझित’. शर्यत सुटते ती ‘ओद्स्तार्तोवात’. ‘स्तार्त’ हा शब्द झेकमध्ये इंग्रजीतूनच आलाय आणि इंजिन, शर्यत, उड्डाण अशा ठिकाणी पक्का रुळलाय. पण सगळीकडे तो लावता येत नाही.

नोकरीच्या बाबतीत नवीन माणसं हमखास चुकतात. पहिल्या नोकरीच्या वेळी मीही मनुष्यबळ विभागाला ‘सोमवारी काम सुरू करीन’ या अर्थाने ‘झाचीत’ वापरून कळवलं होतं. वाक्य व्याकरणात बसत होतं, पण ‘सोमवारी हातातलं काम सुरू करते’ असा त्याचा अर्थ झाला. मला म्हणायचं होतं, ‘सोमवारी रुजू होते’. त्यासाठी ‘नास्तोउपित’ आहे आणि त्याचं नाम ‘नास्तुप’. झेक श्रम संहितेप्रमाणे, म्हणजे 2006 सालच्या 262 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे, नोकरीच्या करारात तीन गोष्टी असाव्याच लागतात: कामाचा प्रकार, कामाचं ठिकाण आणि ‘देन नास्तुपु दो प्रात्से’, म्हणजे रुजू होण्याचा दिवस. तुमच्या करारात हे शब्द शोधा, सापडतीलच. पोर शाळेत जाऊ लागतं तेव्हाही ‘नास्तोउपित’च.

हा शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला तो प्रागच्या मेट्रोमुळे. दारं मिटण्याआधी दर स्टेशनवर घोषणा होते, "उकोन्चेते, प्रोसीम, वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी." उतरणं-चढणं थांबवा, दारं बंद होताहेत. गाडीत चढणं आणि नोकरीवर रुजू होणं, दोन्हीला तोच ‘नास्तुप’. दोन्हीकडे माणूस आधीच चालू असलेल्या गोष्टीत पाऊल ठेवतो. म्हणून तिथे ‘झाचीत’ शोभत नाही.

यंत्रांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण माझं रोजचं काम त्यातच आहे. आमच्याकडे यंत्रांच्या वापर-पुस्तिका इंग्रजीत येतात, त्यांचा झेक मजकूर मी जुळवते आणि एक झेक सहकारी तो तपासते. एका पुस्तिकेत पहिल्या पायरीला यंत्र ‘स्टार्ट’ करा असं होतं आणि चौथ्या पायरीला सायकल, म्हणजे यंत्राच्या कामाची एक फेरी, ‘स्टार्ट’ करा असं. मी दोन्हीकडे ‘झाप्नोउत’ लिहिलं. सहकारीने चौथ्या पायरीवर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाली, "हे वाचून माणूस मागे जाऊन मुख्य स्विच शोधेल." तिचं बरोबर होतं. ‘झाप्नोउत’ म्हणजे वीज देणं: दिवा, टीव्ही, इस्त्री, यंत्राचा मुख्य स्विच. (शर्टाची बटणं लावणंही ‘झाप्नोउत’च, आपणही दिवा आणि बटण दोन्ही ‘लावतो’.) वीज आलेल्या यंत्राला कामाला लावणं, ते ‘स्पुस्तित’. प्रोग्रॅम, सायकल, पंप, अलार्म, सर्व्हर हे सगळं ‘स्पुस्तित’ होतं. आता मी प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारते: इथे वीज चालू होतेय की प्रक्रिया? उत्तर मिळालं की शब्द आपोआप ठरतो.

संगणकाच्या पडद्यावर आणखी दोन शब्द भेटतात. पहिल्यांदा वापरणाऱ्यासाठी जो परिचयाचा भाग असतो, त्यावर झेकमध्ये ‘झाचीनामे’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘सुरुवात करूया’. तिथे ‘झाचीत’ अगदी योग्य, कारण तिथे माणूस सुरुवात करतोय. आणि पंचवार्षिक योजना, परिषद, खटला, बांधकाम, अधिवेशन यांना ‘झाहायित’. आपण पत्रिकेत ‘प्रारंभ’ किंवा ‘शुभारंभ’ लिहितो, त्या जागचा हा शब्द. सरकारी पत्रात ‘झाहायेनी’ दिसलं तर पत्र बाजूला टाकू नका. तुमच्या नावाने एखादी प्रशासकीय कार्यवाही सुरू झाल्याची ती सूचना असू शकते आणि खाली उत्तरासाठी मुदत दिलेली असते.

कंपनी काढणं, संस्था स्थापन करणं, संसार मांडणं, या सगळ्यांना ‘झालोझित’. आणि इथेच एक खड्डा आहे, तो जपून ओलांडा. शेकोटी पेटवायची असेल तर ‘रोझ्द्येलात ओहेन्य’. इंग्रजीत आग ‘स्टार्ट’ करतात, म्हणून कुणी ‘झालोझित’ला ‘आग’ जोडून ‘झालोझित पोझार’ म्हणालं, तर त्याचा अर्थ मुद्दाम आग लावणं असा होतो. जंगलात सहलीला गेल्यावर, किंवा विम्याच्या कागदावर, हे दोन शब्द अदलाबदल झालेले चालणार नाहीत.

दचकण्याचा अर्थ तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इंग्रजी गोष्टीत दाराचा आवाज ऐकून कुणी ‘स्टार्ट’ झालं, तर ती व्यक्ती काहीही सुरू करत नसते, ती दचकलेली असते. झेकमध्ये ‘तृह्ला सेबोउ’, अंगाला झटका बसला, किंवा ‘लेक्ला से’, घाबरली. मुलांना इंग्रजी गोष्टी वाचून दाखवत झेकमध्ये सांगायची सवय असेल, तर हे वाक्य तुम्हाला भेटणारच. (‘तृह्ला’तला तो स्वर बघा. आपण लिहितो ‘ऋ’, पण म्हणतो ‘रु’. झेक माणसं मात्र ‘र’ला खरोखर स्वर करून बोलतात, ब्रनो या नावातसुद्धा.)

आणि एक शब्द शब्दकोशात बघूनही वापरू नका: ‘पोचीत’. जुन्या झेकमध्ये त्याचा अर्थ ‘आरंभणे’ असा होता आणि अजून शब्दकोश तो देतात. आज मात्र ‘पोचाला’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ येतो ‘तिला गर्भ राहिला’. ‘त्सो सी पोच्नु?’ हा वाक्प्रचार मात्र जिवंत आहे, त्याचा अर्थ ‘आता मी काय करू?’ त्याच घरातलं नाम ‘पोचातेक’ बिनधास्त वापरता येतं. ते ‘झाचातेक’पेक्षा जरा भारदस्त आहे. 1579 ते 1594 या काळात छापलेल्या क्रालित्से बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या झेक भाषांतरात, ‘आदी शब्द होता’ ते ‘ना पोचात्कु बिलो स्लोवो’ असंच आहे. ‘झाचीत’, ‘पोचीत’ आणि शेवट या अर्थाचा ‘कोनेत्स’ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन स्लाव धातूपासून निघालेत. हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ वही उघडी ठेवून बसले होते.

रूप चुकत असेल तर

आता दुसरा बिघाड. शब्द ‘झाचीत’च हवा होता, तरी वाक्य कानाला खटकलं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: झेक क्रियापदं जोडीने राहतात. एक कृती पुरी झाल्याचं सांगतं, दुसरं ती चालू असल्याचं किंवा वारंवार होत असल्याचं. ‘झाचीत’ हे पहिलं, ‘झाचीनात’ हे दुसरं.

‘झाच्नु’ दिसतं वर्तमानकाळासारखं, पण त्याचा अर्थ ‘मी सुरू करीन’ असा भविष्याचा आहे. आत्ता सुरू करतेय असं म्हणायचं तर ‘झाचीनाम’. हे कळलं नाही की माणसं भविष्यासाठी ‘बुदु झाचीत’ म्हणतात, आणि ते झेकमध्ये होतच नाही. ‘बुदु’ला फक्त दुसऱ्या प्रकारचं क्रियापद चालतं. म्हणून एकदाच सुरू करायचं असेल तर नुसतं ‘झाच्नु’, आणि पुढच्या महिन्यापासून रोज सहाला सुरू करणार असाल तर ‘बुदु झाचीनात’.

याहून जास्त दिसणारी चूक पुढे आहे. ‘त्याने पत्र लिहायला सुरुवात केली’ याचं ‘झाचाल नाप्सात’ करतात. बरोबर ‘झाचाल प्सात’. ‘झाचीत’नंतर येणारं क्रियापद नेहमी ‘चालू’ प्रकारचंच लागतं, याला अपवाद नाही. पाठ करायला नियम सोपा आहे, बोलताना निसटतो. मला तो तेव्हा पचला, जेव्हा मी मराठीतलं ‘लागणे’ नीट बघितलं. आपण ‘तो पत्र लिहू लागला’ म्हणतो. ‘तो पत्र लिहून टाकू लागला’ असं एका पत्राबद्दल कुणी म्हणणार नाही. ‘लिहून टाकणे’मध्ये काम संपलेलं आहे, आणि संपलेल्या गोष्टीला ‘लागता’ येत नाही. ‘नाप्सात’ हे आपल्या ‘लिहून टाकणे’सारखं आहे आणि ‘प्सात’ हे नुसतं ‘लिहिणे’. मनात आधी ‘-ऊ लागला’ म्हणून बघा, जे क्रियापद तिथे अडखळतं ते झेकमध्येही अडखळेल. थांबण्याचं ‘प्र्शेस्तात’ही असंच वागतं.

‘से’ या छोट्या शब्दाबद्दलही खूप विचारणा होते. ‘प्रोग्राम से स्पुस्तिल’ म्हणजे प्रोग्रॅम सुरू झाला. ‘से’ काढलं तर ऐकणारा विचारेल, प्रोग्रॅमने काय सुरू केलं? आपण ‘सुरू होणे’ आणि ‘सुरू करणे’ यांत जो फरक करतो, तो इथे ‘से’ करतं. ‘झाचीत’ला मात्र हा नियम लागत नाही, सभा ‘झाचाला’ आणि आम्ही सभा ‘झाचाली’ दोन्ही ‘से’शिवाय. मग ‘मी झेक शिकायला लागले’ यात ‘झाचाला य्सेम से उचित चेस्की’ असं ‘से’ कुठून आलं? ते ‘शिकणे’चं आहे, फक्त वाक्यात पुढे सरकून दुसऱ्या जागी बसलंय. ते ‘झाचीत’ला चिकटवून पाठ केलंत तर पुढची दहा वाक्यं चुकतील.

पावसाचं वेगळं सांगते, कारण तिथे मराठीच आपल्याला चकवते. आपल्याकडे पाऊस ‘पडायला लागतो’, म्हणजे पाऊस हा कर्ता आहे. झेकमध्ये ‘पाऊस पडणे’ या अर्थाच्या ‘प्र्शेत’ला कर्ताच नाही, म्हणून ‘झाचालो प्र्शेत’ असं नपुंसकलिंगी रूप येतं. पाऊस हा शब्द वाक्यात आणायचा मोह आवरा. आणि पावसाने धरलं, आता थांबायचा नाही, असं म्हणायचं असेल तर ‘रोझ्प्र्शेलो से’.

हे ‘रोझ-’ शिकून घ्या, त्याने बोलण्याला एकदम झेक वळण येतं. तिला रडू कोसळलं, ‘रोझ्प्लाकाला से’. ‘रडायला लागली’ या अर्थाने ‘झाचाला प्लाकात’ चुकीचं नाही, पण त्यात तो आवेग नाही. तसंच ‘कामाला लागलो’ यासाठी ‘दाल य्सेम से दो प्रात्से’. हे तर शब्दाला शब्द ‘कामात घातलं स्वतःला’ असं आहे, आणि ओळख नसलेल्या दोन माणसांच्या गप्पा सुरू झाल्या की तिथेही ‘दाली से दो र्झेची’.

तपासायचं कुठे

शब्दकोशातली वीस पर्यायांची रांग बघून निवड करू नका. ब्रनोपासून प्रागपर्यंत सगळ्यांना फुकट मिळणारी दोन साधनं आहेत. चार्ल्स विद्यापीठातल्या झेक राष्ट्रीय कॉर्पसचं, म्हणजे खऱ्या मजकुरांच्या मोठ्या संग्रहाचं, ‘ट्रेक’ नावाचं साधन आहे. त्यात इंग्रजी शब्द टाकला की खऱ्या भाषांतरित मजकुरांत त्याच्या जागी कुठले झेक शब्द किती वेळा आले, ते उतरत्या क्रमाने दिसतं, आणि त्यावर टिचकी मारली की मूळ वाक्यं समोर येतात. वाक्यं बघा, नुसता आकडा बघून थांबू नका, कारण सगळ्यात वरचा शब्द तुमच्या वाक्यात बसेलच असं नाही. माझ्या गाडीच्या बाबतीत तो बसला नव्हता. रूपांसाठी झेक भाषा संस्थेची इंटरनेटवरची भाषा-पुस्तिका आहे. तिथे प्रत्येक क्रियापदाचा पूर्ण तक्ता मिळतो.

आणि शोधायला बसण्याआधी एकदा बघा, की क्रियापद हवंय तरी का. ‘सोमवारपासून दुकान नऊला उघडेल’ या पाटीच्या इंग्रजीत ‘स्टार्टिंग’ असतं आणि माणसं त्याचं झेक शोधत बसतात. झेकमध्ये तिथे नुसतं ‘ओद पोन्द्येली’ पुरतं. ‘पासून’ म्हणजे ‘ओद’. जेवणाच्या सुरुवातीच्या पदार्थांसाठी ‘प्र्शेद्कृम’, लिलावातल्या पहिल्या बोलीसाठी ‘विवोलावात्सी त्सेना’, शर्यतीत आधीच मिळालेल्या आघाडीसाठी ‘नास्कोक’. यांतल्या एकाही शब्दात ‘झाचीत’ नाही.

या हिवाळ्यात गाडी पुन्हा बंद पडली. आजी आता कमी बाहेर पडतात, म्हणून मी त्यांच्या मुलाला फोन केला आणि "नेमूझु नास्तार्तोवात" एवढंच म्हटलं. पाच मिनिटांत तो केबल घेऊन खाली आला.